अमेरिकेला शिकायला निघताना: कोल्हापुरात उरकायची कामं आणि तिथं पोचल्यावरची

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं की घरात पहिली चर्चा जॅकेट, बॅगा आणि मसाल्याची होते. घोडं अडतं ते मात्र भलतीकडेच: नावाच्या स्पेलिंगवर, पैशाच्या कागदांवर आणि लहानपणीच्या लसींच्या नोंदीवर. ही तिन्ही कामं कोल्हापुरात बसून, ओळखीच्या माणसांकडून, थोड्या पैशात होतात. तिथं गेल्यावर त्याच कामांना डॉलर मोजावे लागतात आणि इकडे वडिलांना हेलपाटे पडतात. ऑगस्टच्या मध्यावर सुरू होणाऱ्या फॉल सत्राला जायचं असेल, तर फेब्रुवारी-मार्चपासूनच हात घाला.

आधी नाव

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर सरनेमच्या रकान्यात आडनाव आणि गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं व वडिलांचं मिळून. अमेरिकेत पासपोर्टवरचं नाव हेच तुमचं नाव. विद्यापीठाचा अर्ज, आय-२० (विद्यापीठ देतं ते व्हिसासाठीचं प्रवेशाचं प्रमाणपत्र), डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) आणि विमानाचं तिकीट या चारही ठिकाणी ते अक्षरन् अक्षर तसंच हवं. अर्जात वडिलांचं नाव 'मिडल नेम' म्हणून टाकलं आणि आय-२० वर ते गळालं, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लगेच ईमेल करून नवा आय-२० मागवा. तो फुकट मिळतो, पण व्हिसाच्या आदल्या दिवशी मागून मिळत नाही.

काहींच्या पासपोर्टवर सरनेमचा रकाना रिकामा असतो आणि सगळं नाव गिव्हन नेममध्ये कोंबलेलं असतं. अशा वेळी व्हिसावर सगळं नाव आडनाव म्हणून छापलं जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' येतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. मग बँक, वाहन परवाना, सोशल सिक्युरिटी (पगार आणि करासाठीचा सरकारी क्रमांक), सगळीकडे तेच चिकटतं. वेळ असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. कोल्हापुरातल्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज होतो. पोलीस पडताळणी धरून सहा आठवडे हाताशी ठेवा.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. चौगुले हे आडनाव दहावीच्या दाखल्यावर 'ओ-यू' घालून आणि आधारवर 'ए-यू' घालून, हे आपल्याकडे घरोघरी आहे. फरक एक-दोन अक्षरांचा असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या आणि मूळ प्रत बरोबर न्या. नावच वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचं काम याच्याच जोडीला करा. तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर ट्रान्सक्रिप्ट कॉलेजच्या परीक्षा विभागातून मिळणार की शिवाजी विद्यापीठातून, हे आधी विचारून घ्या. चुकीच्या खिडकीवर पंधरा दिवस सहज जातात. गरजेपेक्षा तीन-चार संच जास्त काढा आणि शिक्क्याची पाकिटं फोडू नका, फोडलेलं पाकीट अधिकृत धरत नाहीत. शेवटच्या वर्षाचा निकाल उन्हाळ्याअखेरीस लागतो आणि पदवी पुढच्या दीक्षांत समारंभात मिळते, म्हणून तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र काढूनच निघा. अंतिम ट्रान्सक्रिप्ट आणि पदवीचा पुरावा पोचला नाही तर बहुतेक विद्यापीठं दुसऱ्या सत्राच्या नोंदणीवर 'होल्ड' टाकतात.

पैसे कुठले, ते कागदावर दिसले पाहिजेत

आय-२० वर पहिल्या वर्षाचा अंदाजित खर्च छापलेला असतो: शिक्षण शुल्क, राहणं-जेवण, विमा, पुस्तकं. तेवढी रक्कम सहज हाती येण्याजोगी आहे असं दाखवावं लागतं. घर, सोनं, जमीन यात धरत नाहीत. बचत खातं, मुदत ठेव आणि कर्जमंजुरीचं पत्र धरतात. आपल्याकडे घरटी एखाद्या पतसंस्थेत ठेव असते. पण विद्यापीठं सहसा बँकेच्या लेटरहेडवरचं इंग्रजी पत्र मागतात आणि पतसंस्थेची पावती त्यांना कळत नाही. ती ठेव मोडून बँकेत आणायची असेल तर दोन-तीन महिने आधी आणा. मुलाखतीच्या आठवड्यात खात्यावर एकदम पंधरा लाख आलेले दिसले की ते उसने आणलेत का, असा प्रश्न हमखास येतो.

कर्जाला तारण द्यायचं म्हटल्यावर शेतकरी घरात पहिल्यांदा सातबारा पुढे येतो. बहुतेक बँका शेतजमीन घेत नाहीत, आणि त्याला कारण आहे: थकीत कर्ज वसूल करण्याच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे ती जप्त करून विकणं बँकेला अवघड. चालतो तो बिनशेती प्लॉट, फ्लॅट किंवा गावठाणातलं प्रॉपर्टी कार्ड असलेलं घर. त्याला वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन अहवाल, मंजूर नकाशा आणि घरफाळ्याची पावती लागते. आजोबांच्या नावावरचं घर अजून वारसांच्या नावे चढलेलं नसेल, तर वारसनोंदीचं काम आजच सुरू करा. कर्जप्रकरणं सगळ्यात जास्त रखडतात ती इथं, बँकेच्या टेबलावर नव्हे. तारण नसेल तर बिनतारण कर्ज मिळतं, पण व्याज जास्त आणि सहकर्जदाराचं पगाराचं उत्पन्न बघितलं जातं.

ऊस आणि दूध यांवर चालणाऱ्या घरांची एक खास अडचण. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आयकर विवरणपत्रात आकडा किरकोळ दिसतो आणि व्हिसा अधिकारी विचारतो, एवढ्यात भागणार कसं? उपाय दोन. एक, विवरणपत्रात शेतीचं उत्पन्न करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात नियमित दाखवलेलं असू दे. दोन, कारखान्याचं ऊसबिल आणि दूध संस्थेचं बिल ज्या खात्यावर जमा होतं, त्या खात्याचा तीन वर्षांचा उतारा काढून त्या नोंदींवर खूण करून ठेवा. सीएचं मालमत्तेचं प्रमाणपत्र जोडायला हरकत नाही, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

पैसे पाठवण्याचा नियम: रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका आर्थिक वर्षात एका माणसाला २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलं की बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर कापते. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून थेट गेलेल्या पैशावर १ एप्रिल २०२५ पासून तो नाही. टीसीएस हा जादा कर नव्हे. ज्याच्या पॅनवर कापला गेला त्याच्या विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. १० लाखांची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असल्यानं वडील आणि आई दोघांनी आपापल्या खात्यातून अर्धेअर्धे पाठवले तर बऱ्याच घरांत कापला जाण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र आईच्या खात्यात पैसे कुठून आले याचाही हिशेब नीट ठेवा.

व्हिसा आणि मुंबईच्या दोन फेऱ्या

क्रम असा: आय-२० हाती आला की सेविसचं (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारची यंत्रणा) ३५० डॉलर शुल्क भरा आणि पावती छापून घ्या, मग डीएस-१६० अर्ज, मग १८५ डॉलरचं व्हिसा शुल्क, मग तारखा. जुलै २०२५ च्या कायद्यानं व्हिसासाठी आणखी किमान २५० डॉलरची तरतूद केली आहे, म्हणून भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावरचा आकडा बघूनच हिशेब करा. एजंटच्या व्हॉट्सॲपवरचा आकडा बघून नको.

डीएस-१६० भरताना पान बराच वेळ तसंच सोडलं तर ते आपोआप बंद होतं. सुरुवातीला मिळणारा अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि दर पानाला सेव्ह करा. गेल्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांवरची सगळी खाती त्यात लिहावी लागतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ती खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. एखादं जुनं खातं लपवणं हे त्यातल्या पोस्टपेक्षा जास्त महागात पडतं. अर्ज पुन्हा भरावा लागला तर नवा बारकोड क्रमांक अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये बदलायला विसरू नका, नाहीतर काउंटरवरून परत पाठवतात.

कोल्हापूरकरांसाठी मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये. बोटांचे ठसे आणि फोटो वेगळ्या केंद्रात, वेगळ्या तारखेला, मुलाखतीच्या आधी. शक्य असेल तर दोन्ही तारखा लागोपाठच्या घ्या, म्हणजे एका मुक्कामात काम होतं. महालक्ष्मी एक्स्प्रेस किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं उतरून त्याच सकाळची वेळ गाठायचा बेत आखू नका. पावसाळ्यात घाटात दोन तास गेले की तारीखच जाते. आदल्या दिवशी पोचा. कॉन्सुलेटमध्ये मोबाइल, लॅपटॉप, मोठी बॅग काहीच आत नेता येत नाही आणि तिथं ठेवायची सोयही नसते. सामान लॉजवर ठेवा, बरोबर फक्त पारदर्शक फोल्डर: पासपोर्ट, आय-२०, डीएस-१६० चं पुष्टीपत्र, सेविसची पावती, अपॉइंटमेंटचं पत्र, पैशाचे कागद. सोबतचा माणूस बाहेर थांबणार असेल तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा, कारण तुमच्या खिशात फोन नसतो.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची. हेच विद्यापीठ का, हाच विषय का, खर्च कोण करतंय, वडील काय करतात, नंतर काय करणार. क्लासमध्ये घोकून घेतलेलं उत्तर तिसऱ्या वाक्यालाच ओळखू येतं. 'वडील शेतकरी' एवढंच म्हणून थांबू नका; 'ऊस आणि दुधाचा व्यवसाय, वर्षाचं उत्पन्न इतकं, शिवाय बँकेचं इतकं कर्ज मंजूर' असं एका दमात सांगा. विद्यापीठाची दोन ठोस कारणं माहीत असू देत: एखाद्या प्राध्यापकाचं काम, एखादी प्रयोगशाळा, विशिष्ट अभ्यासक्रम. 'रँकिंग चांगलं आहे' हे प्रत्येक जण म्हणतो. व्हिसा कायद्याच्या २१४(बी) कलमाखाली नकार आला तर पुन्हा अर्ज करता येतो, पण परिस्थितीत काही बदल नसताना पुढच्याच आठवड्यात जाण्यात अर्थ नाही. २२१(जी) ची चिठ्ठी म्हणजे नकार नव्हे, अजून कागद किंवा तपासणी बाकी आहे.

व्हिसा कार्यक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो, पण अमेरिकेत पाऊल आय-२० वरच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी टाकता येत नाही. स्वस्त तिकिटाच्या मोहात पस्तीस दिवस आधीचं तिकीट काढू नका.

लसी

हे सगळ्यात दुर्लक्षित काम, म्हणून जरा सविस्तर. बहुतेक विद्यापीठं एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरची लस) दोन डोस मागतात: पहिला वयाचं एक वर्ष पूर्ण झाल्यावर आणि दुसरा त्यानंतर किमान २८ दिवसांनी. आपल्याकडे नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस यात धरत नाहीत. सरकारी कार्यक्रमात मिळणाऱ्या एमआर लसीत गालगुंडाचा भाग नाही, म्हणून तीही पुरत नाही. बालपणीचं कार्ड सापडत नसेल किंवा नोंद अर्धवट असेल तर शोधाशोधीत महिना घालवण्यापेक्षा दोन्ही डोस नव्यानं घ्या. जास्तीच्या डोसानं अपाय होत नाही. रक्तातली प्रतिपिंडं तपासूनही चालतं, पण ती कमी निघाली तर शेवटी लसच घ्यावी लागते.

हिपॅटायटिस-बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांवर असतात. म्हणजे जानेवारीत, फार तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू केले तरच ऑगस्टच्या मध्यापर्यंत संपतात. शिवाय टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला), कांजिण्या आणि वसतिगृहात राहणाऱ्यांना मेंदूज्वराची लस, ज्याच्या त्याच्या विद्यापीठाच्या यादीप्रमाणे. नोंद इंग्रजीत, डॉक्टरांचा शिक्का, नोंदणी क्रमांक आणि प्रत्येक डोसाची पूर्ण तारीख अशी हवी. अमेरिकेत आधी महिना लिहितात. ०४/०७ म्हणजे त्यांना ७ एप्रिल. म्हणून महिना अक्षरात लिहायला सांगा.

क्षयाची तपासणी ही आपल्या मुलांची हमखास अडचण. लहानपणी बीसीजी घेतलेली असल्यानं त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून रक्ताची 'इग्रा' चाचणी करून घ्या, बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. मात्र एमएमआर आणि कांजिण्यांची लस जिवंत विषाणूंची असते: चाचणीचं रक्त लसीच्याच दिवशी द्या, नाहीतर चार आठवडे थांबा. मधल्या काळात दिलं तर निकाल चुकू शकतो.

दात आणि चष्मा इथंच उरका. दात सहसा विद्यार्थी विम्यात येत नाहीत. अर्धवट राहिलेलं रूट कॅनाल तिथं विमानाच्या तिकिटाएवढं पडू शकतं. चष्म्याचे दोन जोड आणि नंबरची चिठ्ठी न्या. नेहमीची औषधं असतील तर तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह. तिथं पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात.

बॅगेत काय

बऱ्याच विमान कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा देतात, पण तुमच्या तिकिटावर काय छापलंय ते बघा. घरी वजनकाट्यावर २२ किलोच्या वर जाऊ नका.

कांदा-लसूण मसाला नेता येतो. घरी कांडलेला असला तरी जाड पिशवीत सील करून, वर इंग्रजीत नाव आणि घटक लिहून, चेक-इनच्या बॅगेत ठेवा. हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असली की अमेरिकेच्या विमानांवर जादा तपासणी होते. गूळ, पापड, कुरडया, कोरड्या चटण्या बंद पाकिटात चालतात. सुकं मटण, मटणाचं लोणचं किंवा मटण-चिकन असलेलं काहीही चालत नाही, भले आईनं कितीही नीट बांधून दिलेलं असो. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याची पानं नाहीत. तांदूळ, हरभरा आणि इतर कडधान्यंही नाहीत: धान्यातला खाप्रा भुंगेरा तिकडे जाऊ नये म्हणून भारतातून प्रवाशांनी ती आणण्यावर बंदी आहे. हे सगळं तिथल्या भारतीय दुकानात मिळतं, उगाच वजन कशाला वाहायचं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मुंबईतच काढून ठेवायला लावतात, कारण त्या पेट घेणाऱ्या मालात मोडतात. दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणार असाल तर खसखस अजिबात नको. तिथं तिला अमली पदार्थाचा कायदा लागू होतो.

कस्टम्सला खाण्याचे पदार्थ आहेत का, असं विचारलं की 'हो' म्हणा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर दंड ३०० डॉलरपासून. शेतात जाऊन आलात का, हाही प्रश्न असतो. उसाच्या रानातली माती लागलेले बूट घासून धुऊनच बॅगेत घाला.

मिक्सर नेऊ नका. तिथं वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपला २३० व्होल्टचा मिक्सर नुसता घुर्र करतो. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर '१००-२४०' लिहिलेलं असतं, त्यांना फक्त पिनचा अडॅप्टर पुरतो. तीन लिटरचा कुकर मात्र जरूर न्या, सोबत जादा गास्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. अॅल्युमिनियमचा कुकर कॉइलवर चालतो, इंडक्शनवर नाही. स्टीलचा इंडक्शन बुडाचा घेतला तर प्रश्नच मिटतो. थंडीचं मोठं जॅकेट तिथं घ्या. इथल्या दुकानातलं जॅकेट महाबळेश्वरला ठीक, शून्याखाली पंधराला नाही. इथून थर्मलचे दोन जोड पुरे.

मूळ कागद, लॅपटॉप, औषधं, एक कपड्यांचा जोड आणि एक चादर हातातल्या बॅगेत. चादर का, ते पुढे येईल.

निघायची वेळ पंचगंगेला विचारून

फॉलला जाणारी मुलं नेमकी जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यात निघतात, आणि पुराचेही तेच दिवस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. उड्डाणाच्या आठवड्यात पाणी ३९ कडे सरकतंय असं दिसलं की तारखेची वाट न बघता पुण्या-मुंबईला नातेवाइकांकडे जाऊन राहा. पूर नसला तरी गाडीनं मुंबई विमानतळासाठी दहा-बारा तास धरा. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून मुंबईच्या विमानाच्या भरवशावर आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी गाठायला जाऊ नका. तिकिटं वेगवेगळी असतील तर चुकलेल्या विमानाची जबाबदारी कुणी घेत नाही.

अमेरिकेत ज्या शहरात पहिल्यांदा उतराल तिथंच इमिग्रेशन होतं, आणि पुढचं देशांतर्गत विमान असलं तरी बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. दोन विमानांत किमान तीन तास ठेवा. अबुधाबीहून जाणाऱ्यांचं इमिग्रेशन तिथंच उरकतं. अधिकाऱ्याला सांगायचं एवढंच: अमुक विद्यापीठ, अमुक अभ्यासक्रम, खर्च असा. नोकरीचा विषय स्वतःहून काढू नका. नोटा ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डवर.

निघण्याआधी बँकेचं एक काम: आधार आणि खात्याशी जोडलेला भारतीय सिम चालू ठेवा आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घ्या. तिथून ते सुरू करायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी त्याच बंद सिमवर येतो. कर्जाचे पुढचे हप्ते उचलण्यासाठी वडिलांच्या किंवा आईच्या नावे मुखत्यारपत्रही करून ठेवा.

तिथले पहिले तीस दिवस

पोचल्यावर कस्टम्स विभागाच्या संकेतस्थळावरून आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद) उतरवून घ्या आणि नाव, जन्मतारीख, एफ-१ (विद्यार्थी) दर्जा आणि मुदतीच्या रकान्यात काय आहे ते तपासा. चूक असेल तर लगेच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला दाखवा. त्याच कार्यालयात हजेरी नोंदवा. कार्यक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत त्यांना सेविसमध्ये तुमची नोंदणी करावी लागते. घर बदललं तर १० दिवसांत पत्ता कळवायचा, आणि ते विसरणारे दरवर्षी असतात.

घर भाड्यानं मिळतं ते बहुतेक वेळा रिकामं. पलंग नाही, गादी नाही, कित्येक खोल्यांना छताचा दिवासुद्धा नाही. म्हणून ती चादर. करार बारा महिन्यांचा, नावावर सगळे रूममेट. एकानं पळ काढला तर त्याचं भाडं उरलेल्यांकडून वसूल होऊ शकतं, ते कलम वाचूनच सही करा. वीज, पाणी, गरम करणं भाड्यात आहे का ते विचारा. थंडीतलं हीटरचं बिल दचकवणारं असतं. घर न बघता, करार न होता कुणी डिपॉझिट मागत असेल तर ती फसवणूक समजा. आत शिरल्या दिवशी भिंती, गालिचा, शेगडी सगळ्याचे फोटो काढून घरमालकाला ईमेल करा. वर्षानं डिपॉझिट परत मागताना तेच उपयोगी पडतात.

बँक खातं सोशल सिक्युरिटी क्रमांक नसतानाही उघडतं: पासपोर्ट, आय-२० आणि पत्त्याचा पुरावा पुरतो. तो क्रमांक कॅम्पसवर काम मिळाल्यावरच मागता येतो. कामाचं पत्र आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाचं पत्र घेऊन जायचं, आणि पोचल्यावर दहाएक दिवस जाऊ द्यायचे, म्हणजे नोंदी संगणकावर आलेल्या असतात.

काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि फक्त कॅम्पसवर. गावातल्या भारतीय हॉटेलात रोखीनं भांडी घासणं, जेवण पोचवणं, दुसऱ्याच्या नावावर टॅक्सी चालवणं, हे सगळं बेकायदा आहे आणि त्यात दर्जा जातो, मग पुढे ओपीटीही (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) नाही. पदवीपूर्व विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट आणि पदव्युत्तरला बहुतेक ठिकाणी ९ लागतात. ऑनलाइन विषय त्यात एकच धरतात. विषय जड गेला म्हणून मनानं सोडला आणि क्रेडिट कमी पडले तर सेविसची नोंद रद्द होते. आधी कार्यालयाची परवानगी, मग विषय सोडणं.

अभ्यासाची एक सवय मात्र इथंच सोडून जा. सबमिशनच्या आदल्या रात्री सिनिअरचं जर्नल उतरवून काढणं आपल्याकडे सगळे करतात आणि सरही बघून न बघितल्यासारखं करतात. तिथं मित्राचा कोड, स्रोत न सांगता उचललेला परिच्छेद, परवानगीशिवाय एआयकडून लिहून घेतलेलं उत्तर, यांवर रीतसर चौकशी बसते आणि ती नोंद राहते. अडलं तर प्राध्यापकांच्या 'ऑफिस अवर्स'ला जा; तो वेळ त्यासाठीच ठेवलेला असतो.

विमा विद्यापीठाचाच घ्यावा लागतो की बाहेरचा चालतो ते आधी बघा. बाहेरचा चालत असेल तर मुदतीत 'वेव्हर' (विद्यापीठाचा विमा नको, असा अर्ज) भरावा लागतो, नाहीतर बिलात विद्यापीठाचा जोडला जातो. ताप-खोकल्याला विद्यार्थी आरोग्य केंद्र, रात्री किंवा सुट्टीला 'अर्जंट केअर', आणि जिवावर बेतलं तरच इमर्जन्सी किंवा ९११. पोलीस किंवा कर खात्यातून बोलतोय असं सांगून गिफ्ट कार्डचे नंबर मागणारा फोन आला तर तो ठेवून द्या.

पहिल्या वर्षी एक पैसा कमावला नसला तरी अमेरिकेच्या कर खात्याचा फॉर्म ८८४३ भरायचा. कमाई असेल तर १०४०-एनआर (अनिवासींचं आयकर विवरणपत्र), मुदत १५ एप्रिल. फक्त ८८४३ असेल तर १५ जून. रहिवाशांसाठीच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये १०४० भरून टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे. विद्यापीठानं दिलेलं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं सॉफ्टवेअरच वापरा. भारत-अमेरिका कर करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट मिळते, ती रकान्यात घ्यायला विसरू नका. पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात दिसली तर पगार विभागाकडे जा, एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं ती लागू नसते. आणि इकडे भारतातलं बचत खातं एनआरओ (अनिवासींसाठीचं खातं) करून घ्या, कारण शिकायला गेलेला विद्यार्थी परकीय चलन नियमांनुसार अनिवासी ठरतो. बँक शाखेचा अर्ज आणि लागणाऱ्या सह्या निघण्याच्या आठवड्यातच विचारून ठेवल्या तर वडिलांना पुन्हा शाखेत जावं लागत नाही.